जर्मन शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द शोधताना
'फायरआबेंट'सारखा शब्द अडला, की नामाला नाम शोधत बसू नका. पूर्ण वाक्य हाती घ्या. आधी डूडेन कोशात जर्मनमधूनच अर्थ वाचा: दिवसाचं काम संपणं आणि त्यानंतरचा मोकळा वेळ. मग लिंग्वी या संकेतस्थळावर जर्मन-इंग्रजी वाक्यं शेजारी शेजारी पाहा. 'इश माखे फायरआबेंट' म्हणजे 'आय ॲम डन फॉर द डे'. पण सहकाऱ्याचा निरोप घेताना म्हटलेलं 'श्योनन फायरआबेंट' इंग्रजीत साधं 'हॅव अ गुड ईव्हनिंग' होतं. लिंग्वीवरची वाक्यं जालावरून गोळा केलेली असतात, त्यांत चुकाही असतात. म्हणून निवडलेला पर्याय इंग्रजी कोशात तपासाच. समोरच्याचा नकार खोडून काढायला वापरतात त्या 'डॉख' या जर्मन शब्दाला तर ठरलेला प्रतिशब्दच नाही. 'तू येत नाहीस?' याचं उत्तर 'डॉख' असेल, तर इंग्रजीत 'येस, आय ॲम' लिहा, जोर 'ॲम'वर.