टॅबलेटचं बूट होणारं कार्ड मोठ्या कार्डावर कसं न्यायचं, आणि जागा खरोखर कशी वाढवायची

जुन्या टॅबलेटवर मेमरी कार्डावरून अँड्रॉइड चालवणाऱ्याला कधी ना कधी 'जागा अपुरी' हा मेसेज येतोच. मग माणूस मोठं कार्ड आणतो, जुन्या कार्डातल्या फाइल्स सगळ्या सिलेक्ट करून नव्यावर टाकतो, कार्ड टॅबलेटमध्ये घालतो, आणि टॅबलेट एकतर काळा स्क्रीन दाखवत बसतो नाहीतर कार्ड घातलंच नाही अशा थाटात आतल्या सिस्टीमवर चालू होतो. तरीही 'फक्त फाइल्स कॉपी करा, होतं' असा सल्ला देणारे संपत नाहीत. होत नाही. का होत नाही ते एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

अशा कार्डावर साधारण चार पार्टिशन, म्हणजे वेगवेगळे कप्पे, असतात. पहिलं छोटंसं फॅट पार्टिशन बूटचं, दुसरं सिस्टीमचं, तिसरं डेटाचं म्हणजे तुमची ॲप्स आणि त्यांची सेटिंग्ज, आणि चौथं मोठं फॅट ३२, जिथे फोटो-गाणी-पुस्तकं ठेवता ते. २०१० चा नूक कलर घ्या. कार्ड आत असलं की त्याची चिप आधी कार्डाच्या पहिल्या फॅट पार्टिशनमध्ये एमएलओ नावाची फाइल शोधते, ती यू-बूट या सिस्टीम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामला उठवते, यू-बूट कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला. आता पार्टिशन टेबल, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे सुरू होतं त्याची नोंद, ही काही फाइल नाही, 'इथून बूट करा' सांगणारा पार्टिशनवरचा बूट फ्लॅग ही पण फाइल नाही, त्यामुळे कॉपी-पेस्टमध्ये या गोष्टी येतच नाहीत. मधली दोन पार्टिशन ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीची असतात, ती विंडोजला वाचताच येत नाहीत. लिनक्समध्ये दिसतात, पण फाइल मॅनेजरने कॉपी केलीत तर परवानग्या आणि मालकी बिघडते, कारण अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेगळा युजर नंबर देतं, १०००० पासून पुढे, आणि तुम्ही कॉपी केलेल्या सगळ्या फाइल्स तुमच्या नावावर चढतात.

म्हणून अख्ख्या कार्डाची पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये हुबेहूब नक्कल, घ्यायची, ती नव्या कार्डावर उतरवायची आणि मग पार्टिशन वाढवायचं. (फोनमध्ये कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून फॉरमॅट केलंय त्यांच्यासाठी हे नाही. अँड्रॉइड ६ पासूनचा तो प्रकार वेगळा, ते कार्ड एन्क्रिप्ट केलेलं असतं, त्यासाठी सेटिंग्जमधला डेटा हलवायचा पर्याय वापरा.)

कार्ड निवडताना

क्लास १० वाचून भुलू नका, तो आकडा सलग लिहिण्याचा आहे, म्हणजे कॅमेऱ्याच्या व्हिडिओसाठी ठीक. अख्खी सिस्टीम कार्डावरून चालते तेव्हा सतत छोटे छोटे तुकडे इकडेतिकडे लिहिले-वाचले जातात, त्यासाठी पाकिटावर ए१ ही खूण बघा, त्यात सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं मिळतात. ए२ वर कागदोपत्री ४००० आणि २००० असतात, पण ती मिळायला समोरच्या उपकरणाचाही सपोर्ट लागतो आणि जुन्या टॅबलेटमध्ये तो नसतो, तेव्हा जास्त पैसे घालवू नका. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी असतात, त्यावरची एसडीएक्ससी. बरेच जुने टॅबलेट एसडीएक्ससी कार्डही फॅट ३२ केलेलं असलं की चालवून घेतात, पण खात्री कुणी देऊ शकत नाही, त्यामुळे डोक्याला ताप नको असेल तर ३२ जीबी घ्या.

नवं कार्ड वापरायच्या आधी पूर्ण भरून तपासा, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३. वेळ खातं, पण कराच. बनावट कार्ड ३२ सांगतं, आत ८ निघतात, आणि ते तुम्हाला सगळं काम संपल्यावर आठवडाभराने कळतं.

इमेज घेणं आणि उतरवणं

टॅबलेट पूर्ण बंद करा, स्लीप नाही, बंद. जुनं कार्ड रीडरमध्ये घाला. विंडोजवर विन३२ डिस्क इमेजरमध्ये 'रीड', लिनक्सवर डीडी ही कमांड. मग कार्ड बदला आणि तीच इमेज नव्यावर 'राइट'. झालं. एका कार्डावरून थेट दुसऱ्यावर करू नका, इमेजची फाइल हाताशी राहिली तर पुढे काहीही बिघडलं तरी पुन्हा उतरवता येतं.

दोन-तीन गोष्टी फक्त. जुनं कार्ड घातल्यावर विंडोज 'ही डिस्क फॉरमॅट करायची का' असं विचारेल, एकदा नाही, प्रत्येक ईएक्सटी४ पार्टिशनसाठी एकदा, दर वेळी नाहीच म्हणायचं, सवयीने एंटर मारलात तर गेलं. डीडी वापरताना कुठलं कार्ड कुठल्या नावाने आलंय ते आधी एलएसबीएलके ही जोडलेल्या डिस्कची यादी देणारी कमांड चालवून साइजवरून ओळखा, कारण डीडी काही विचारत नाही, लॅपटॉपची हार्ड डिस्क सांगितलीत तर तीही बिनबोभाट पुसून देईल. आणि राइट होतच नसेल तर ॲडॅप्टरच्या कडेची ती छोटी लॉकची पट्टी आधी बघा. जुनं कार्ड वाचताना एरर येत असेल तर आधी रीडर बदलून बघा, स्वस्तातले ॲडॅप्टर फार त्रास देतात, आणि तरीही येत असेल तर डीडीच्या जागी डीडीरेस्क्यू, ते वाचता न येणारा भाग ओलांडून पुढे जातं.

आता पार्टिशनला हात लावायच्या आधी नवं कार्ड टॅबलेटमध्ये घालून एकदा बूट करून बघा. जागा जुनीच दिसेल, दिसू दे. ही पायरी सगळे गाळतात आणि मग शेवटी बूट झालं नाही की इमेज खराब होती, कार्ड खराब होतं की पार्टिशन बिघडलं हे शोधत बसतात.

पार्टिशन वाढवणं, जिथे सगळे अडकतात

माझा सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याने खाल्लाय, आणि यावरचे सल्लेच सगळ्यात वाईट आहेत. बहुतेक जण सांगतात की शेवटचं पार्टिशन ओढून टोकापर्यंत न्या, काम झालं. अहो, पण जागा कुठे संपली होती? मेसेज आला तो ॲप टाकताना, म्हणजे तिसरं पार्टिशन भरलं होतं, आणि तुम्ही वाढवलंत चौथं. २४ जीबी फोटोंसाठी रिकामी आणि ॲपसाठी तोच जुना एक जीबी, मोठं कार्ड घेऊन मिळवलं काय?

वाढवायचंय ते डेटाचं तिसरं पार्टिशन, आणि ते दुसऱ्या-चौथ्याच्या मधे दाबलेलं असतं, त्याच्या उजवीकडे जागाच नाही. जीपार्टेड हे लिनक्सवरचं पार्टिशनचं सॉफ्टवेअर चौथ्याला उजवीकडे सरकवून देतं, पण त्यात ते आतला डेटा उचलून पुढे लिहीत जातं, तासन्‌तास लागतात, आणि मधेच लाइट गेली किंवा कार्ड हललं तर ते पार्टिशन ना जुन्या जागी ना नव्या. मी हे कुणालाच सुचवत नाही. त्यापेक्षा चौथ्यातल्या फाइल्स कॉम्प्युटरवर काढून ठेवा, चौथं उडवा, तिसरं वाढवा, उरलेल्या जागेत चौथं नव्याने बनवा आणि फाइल्स परत टाका. चौथं फॅट आहे, त्यात परवानग्या-मालकी काही नसतं, त्यामुळे या सगळ्या कामात कॉपी-पेस्ट चालतं ते फक्त इथेच.

फाइल्स काढताना लपलेल्या फाइल्स दिसतील असं करा, लिनक्समध्ये कंट्रोल-एच. अँड्रॉइड २.२ पासून ॲप 'एसडी कार्डवर हलवा' अशी सोय आली, त्यातली ॲप्स टिंबाने सुरू होणाऱ्या अँड्रॉइड-सिक्युअर नावाच्या फोल्डरमध्ये जातात. ते फोल्डर सुटलं तर ॲपची चिन्हं दिसतात पण उघडत काही नाहीत. आणि कॉपी रीडरमधूनच करा, टॅबलेट यूएसबीने जोडून नको, टॅबलेट चालू असताना ते फोल्डर झाकलेलं असतं.

हे सगळं जीपार्टेडमध्ये करा, लाइव्ह पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवलं तरी पुरे. विंडोजमधली फुकट पार्टिशन सॉफ्टवेअर या कामासाठी नकोतच, ती मदत म्हणून नको ते बदलून ठेवतात. सगळ्यात आधी वर उजवीकडच्या यादीत कार्डच निवडलंय ना ते बघा. माउंट झालेली, म्हणजे कॉम्प्युटरने उघडून ठेवलेली, पार्टिशन अनमाउंट करा. चौथं डिलीट करा. मग तिसऱ्यावर 'रिसाइझ', आणि इथे थांबा. त्या खिडकीत पार्टिशनच्या आधीची मोकळी जागा दाखवणारा आकडा असतो, त्याला हात लावायचा नाही, फक्त उजवी कड ओढायची किंवा नव्या साइजचा आकडा टाकायचा. खाली 'अलाइन'ची चौकट असते, त्यात एमआयबी आपोआप निवडलेलं असतं. जुनी कार्डं बऱ्याचदा ६३ व्या सेक्टरपासून सुरू होणाऱ्या जुन्या पद्धतीने बनवलेली असतात आणि एमआयबीच्या हिशोबात सुरुवात थोडीशी सरकू शकते, म्हणून तिथे 'नन' करा. 'पार्टिशन हलवल्याने सिस्टीम बूट होणार नाही' अशा अर्थाची वॉर्निंग आली तर ओके मारू नका, त्याचा अर्थ सुरुवात सरकतेय. कॅन्सल करा आणि आकडे परत बघा. उजवी कडच हलली असेल तर ही वॉर्निंग येत नाही.

काही कार्डांवर तिसरं-चौथं एका एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात असतात, नंबर ५ पासून पुढचे दिसले की समजायचं. तिथे आधी बाहेरचं एक्स्टेंडेड वाढवायचं, मग आतलं.

आता ज्याने भलेभले रडतात ती गोष्ट. तिसरं पार्टिशन वाढवा, उडवून नवं बनवू नका. 'डेटा तसाही पुसायचाच आहे, नवीन ईएक्सटी४ बनवतो' असं वाटतं, जीपार्टेड आनंदाने बनवूनही देतं, आणि टॅबलेट बूटच्या चित्रावर गोल गोल फिरत बसतो. कारण असं की ईएक्सटी४ बनवणारी लिनक्सची जी टूल्स आहेत त्यांनी १.४३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, मेटाडेटा चेकसम आणि ६४ बिट ही दोन फीचर्स आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली, आणि टॅबलेटमधलं २.६ च्या जमान्यातलं कर्नल असं पार्टिशन लिहिण्यासाठी माउंटच करत नाही. कॉम्प्युटरवर पार्टिशन एकदम ठणठणीत दिसतं, तपासणीत एकही एरर नाही, त्यामुळे संशय कार्डावर, रीडरवर, नशिबावर सगळीकडे जातो, फक्त इथे येत नाही. आहे तेच पार्टिशन वाढवलंत तर जुनी फीचर्स तशीच राहतात आणि ही भानगड उद्भवत नाही. नवं बनवल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर टर्मिनलमधून ही दोन फीचर्स बंद करून बनवा, किंवा टॅबलेटच्या रिकव्हरीतून फॉरमॅट करा.

किती वाढवायचं? ३२ च्या कार्डावर डेटाला ४ ते ६ जीबी भरपूर झाले. त्या वयाच्या टॅबलेटवर चालतील अशी ॲप्सच मोजकी उरलीत, बाकी जागा चौथ्याला द्या.

चौथं बनवताना प्रायमरी, फॅट ३२, लेबल पूर्वीचंच. एक्सफॅट नको. लागू केल्यावर त्याच्या नावाचा शेवटचा आकडा ४ आलाय ना ते बघा, कारण टॅबलेटची सिस्टीम पार्टिशन नंबरावरून शोधते, नावावरून नाही. अगदी टोकापर्यंतही नेऊ नका, शे-दोनशे एमबी मोकळी सोडा. दोन कंपन्यांची ३२ जीबीची कार्डं सेक्टरांच्या हिशोबात सारखी नसतात, पुढच्या वेळी इमेज दुसऱ्या ३२ वर उतरवताना नेमकी थोडीशी जागा कमी पडते.

पहिल्या पार्टिशनला काहीही करायचं नाही. मोठं करायचं नाही, 'स्वच्छ' करायचं नाही, आतल्या फाइल्स काढून परत टाकायच्या नाहीत. मेनूतलं 'क्रिएट पार्टिशन टेबल' तर दिसलं तरी दाबू नका.

शेवटचं

फाइल्स परत टाका, कार्ड नीट इजेक्ट करा, टॅबलेटमध्ये घाला. पहिलं बूट रेंगाळेल. सेटिंग्जमध्ये स्टोरेजला दोन्ही आकडे वाढलेले दिसले पाहिजेत. डेटाचा वाढला नसेल तर पार्टिशन वाढलंय पण आतली फाइल सिस्टीम नाही, जीपार्टेडमध्ये त्या पार्टिशनवर 'चेक' चालवा, ते फाइल सिस्टीम ताणून पार्टिशनएवढी करतं.

बूटच होत नसेल तर जीपार्टेडमध्ये 'मॅनेज फ्लॅग्ज' उघडून पहिल्यावर बूटची खूण आहे का बघा, नसेल तर लावा. तेही असूनही होत नसेल तर उगाच खटपट करू नका, इमेज परत उतरवा आणि पार्टिशनच्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.

जुनं कार्ड लगेच पुसू नका, महिनाभर तरी ठेवा. फक्त दोन्ही कार्डं एकाच वेळी लिनक्समध्ये लावू नका, इमेजमुळे दोघांची यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनची ओळखखूण, एकच असते आणि कॉम्प्युटर भलतंच कार्ड माउंट करून बसतो.