टोमॅटो-दोडक्याची पानं पिळवटत होती, दोष फवारणीच्या पंपात निघाला

करवीर तालुक्यात आमच्या घराला लागूनच उसाचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) आहे. फेब्रुवारीत परसात टोमॅटो, दोडका, गवार, मका लावला, पहिली फवारणी उसन्या पंपानं केली. तीन आठवड्यांत शेंड्याची पानं अरुंद, दोरीसारखी लांबट झाली, शिरा जवळजवळ आल्या, देठ पिळवटले. पानं उलटून बघितली, एकही किडा नाही. मका मात्र टवटवीत.

चुरडा-मुरडा (पानं आकसण्याचा रोग) समजून त्याच पंपानं निंबोळी अर्क दोनदा मारला, मग सूक्ष्म अन्नद्रव्यं. प्रत्येक फवारणीनंतर रोग वाढायचा. डोकं फिरायची वेळ आली.

शेवटी पंप ज्यांच्याकडून आणला होता ते काका म्हणाले, "आरं, त्यातनं उसात टू-फोर-डी मारलंय की!" हे तणनाशक रुंद पानांची तणं मारतं, ऊस-मक्याला सहसा काही करत नाही. टोमॅटोला त्याचा अंशही पुरतो, आणि साध्या पाण्यानं तो नीट जात नाही.

आधी टाकी रिकामी करून तीनदा विसळली, दरवेळी नळी-नोझलमधून पाणी काढलं. मग १६ लिटर पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून थोडं नोझलमधून सोडलं आणि बाकीचं रात्रभर पंपात ठेवलं. नोझल, जाळी, वॉशर काढून त्याच पाण्यात बुडवले. जाळी मी आधी विसरलोच होतो. सकाळी पुन्हा तीनदा विसळलं. धुवण विहिरीपासून लांब, उसाच्या बांधावर ओतलं.

मग त्या पंपातलं साधं पाणी कुंडीतल्या दोन टोमॅटो रोपांवर मारून दहा दिवस थांबलो. शेंडे सरळ आले. वाफ्यातली पिळवटलेली रोपं उपटली, पाडव्याला नवी लावली. काकांचा पंप परत केला, भाजीसाठी वेगळा घेतलाय.