सोसायटीच्या प्रश्नमंजुषेचे प्रश्न कसे काढावेत

नेरूळला आमच्या सोसायटीच्या गणपतीत प्रश्न मीच काढते. नुसतं ‘राज्यातलं सर्वांत उंच शिखर कोणतं?’ विचारू नका. कळसूबाई पोरांना तोंडपाठ असतं. प्रश्नातच धागा द्या: ‘१९५२ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य जिंकलं. २०२४ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातला खेळाडू कोण?’ आजोबांना खाशाबा ठाऊक, नातवाला स्वप्नील कुसाळे. मग दोघं डोकं लावतात, आणि मला तेच हवं असतं.

चालू घडामोडींना तारीख जोडाच, नाहीतर वाद होतात. ‘२ नोव्हेंबर २०२५ला आपल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाच्या फायनलमध्ये भारताने कोणाला हरवलं?’ दक्षिण आफ्रिका, विषय संपला.

टायब्रेकरला आकडा: १८५३ची पहिली रेल्वे, बोरीबंदर ते ठाणे किती किलोमीटर? चौतीसच्या जवळ जाईल तो जिंकला.