स्वतःच्या कंपनीतून ब्रिटनचा वर्क व्हिसा : या चुका टाळा

‘सेल्फ-स्पॉन्सरशिप व्हिसा’ नावाची चीज ब्रिटनच्या नियमांत कुठेही सापडणार नाही. हे बारसं एजंटांनी केलेलं. प्रत्यक्षात असतो तो साधा स्किल्ड वर्कर व्हिसा. तिथे कंपनी काढायची, कंपनीने होम ऑफिसकडून, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याकडून, स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणसाला नोकरीवर घेण्याचा परवाना) मिळवायचं आणि मग त्या कंपनीने तुम्हाला नोकरीवर घ्यायचं. पूर्वी कंपनीचे १० टक्क्यांहून जास्त शेअर स्वतःकडे असले की बहुतेकांचं घोडं तिथेच अडायचं. डिसेंबर २०२० मध्ये ती अट गेली, त्यामुळे आता शंभर टक्के मालकही आपल्याच कंपनीचा नोकर होऊ शकतो. रस्ता कायदेशीर आहे. पण कंपनी ऑनलाइन एका दिवसात नोंदवून होते, म्हणून लोकांना वाटतं की पुढचंही तसंच फटाफट होईल, आणि तिथून गडबड सुरू होते.

सगळ्या खुर्च्यांवर आपणच

सगळ्यात जास्त अर्ज याच दगडाला ठेचकाळतात. लायसन्सच्या अर्जात तीन जबाबदाऱ्यांवर नावं द्यावी लागतात : ऑथरायझिंग ऑफिसर (लायसन्सची एकूण जबाबदारी याची), ‘की कॉन्टॅक्ट’ (होम ऑफिसशी संपर्क ठेवणारा) आणि लेव्हल वन यूजर (स्पॉन्सरशिपची ऑनलाइन कामं करणारा). तिन्हीकडे एकाच माणसाचं नाव चालतं, पण तो ब्रिटनमध्ये राहणारा हवा. शिवाय निदान एक लेव्हल वन यूजर कंपनीचा डायरेक्टर, भागीदार किंवा कर्मचारी असावा लागतो, आणि तो ब्रिटिश नागरिक किंवा तिथे कायम वास्तव्याचा हक्क असलेला हवा. तुम्ही कोथरूडमध्ये बसून यातलं काहीच होऊ शकत नाही. व्हिसा मिळाल्यावरही स्वतःचं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे सीओएस (कंपनी कर्मचाऱ्याला देते ते, व्हिसाच्या अर्जाला लागणारं प्रमाणपत्र), स्वतःच काढता येत नाही; जवळच्या नातेवाइकाचंही काढता येत नाही.

मग सुरू होतो ‘नाव देणारा माणूस’ शोधण्याचा उद्योग. पुढचं नाट्य इतकं ठरलेलं आहे की पात्रं बदलली तरी संवाद बदलत नाहीत. लेस्टरला मित्राचा मेहुणा असतो. तो भला माणूस, ‘टाका माझं नाव, त्यात काय’ म्हणतो. ईमेल आयडी त्याच्या नावाचा, पासवर्ड इकडे पुण्यात. अर्ज जातो. मग होम ऑफिसचा अधिकारी प्रश्न विचारायला येतो. येण्याआधी कळवलंच पाहिजे असं त्याच्यावर बंधन नाही. कंपनी काय विकते? आजवर किती बिलं काढली? ही जागा भरायची गरज का पडली? पगाराचा आकडा कुणी ठरवला? मेहुणा म्हणतो, ‘ते इंडियातल्या डायरेक्टरना विचारावं लागेल.’ या एका वाक्यात दोन गोष्टी उघड्या पडतात. ऑथरायझिंग ऑफिसर नावापुरता आहे, आणि ज्याच्यासाठी जागा काढली तोच कंपनी चालवतोय. ‘जागा खरी नसून व्हिसासाठी बनवलेली आहे’ असा निष्कर्ष काढायला अधिकाऱ्याला आणखी काही लागत नाही. लायसन्स नाकारलं तर अपील नाही. नाकारण्याचं कारण गंभीर असेल तर पुन्हा अर्ज करण्याआधी बहुतेकदा सहा महिने थांबावं लागतं. मेहुण्याशी संबंध बिघडतात ते वेगळंच.

यावर उपाय महाग आहे, म्हणून लोकांना तो नको असतो. तिथे खरा माणूस नेमा. अर्धवेळ चालेल, पण त्याचा पगार पे-रोलवर दिसू द्या, ग्राहकांशी तोच बोलू दे, बँकेचे व्यवहार त्याला ठाऊक असू देत. अर्जाआधी निदान तीन-चार महिने कंपनी त्याच्या हातून चालू द्या. आमचा रिवाज असा : अर्ज भरण्याच्या आदल्या आठवड्यात त्याला अवेळी फोन लावायचा आणि वरचे चार प्रश्न कागद न बघता विचारायचे. अडखळला तर अर्ज पुढे ढकलायचा. ‘एवढं कशाला’ म्हणणाऱ्यांना सांगण्यासारखं आमच्याकडे काही नाही.

स्वतःचेच पैसे फिरवून पगार दाखवणं

२२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्करचा सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड आहे. तुमच्या कामाच्या कोडसाठी (सरकारी यादीतला त्या प्रकारच्या कामाचा क्रमांक) ठरलेला दर याहून जास्त असेल तर तो लागू. हा आकडा फक्त ठरलेल्या मूळ पगाराने भरायचा असतो. डिव्हिडंड, बोनस, भाड्याची सोय, प्रवासखर्च यातलं काही धरत नाहीत.

इथे तिथला हिशेबनीस नकळत घात करतो. ब्रिटनमध्ये छोट्या कंपनीच्या मालकाला सल्ला ठरलेला असतो : पगार १२,५७० पौंड घ्या, म्हणजे आयकर लागत नाही, बाकी डिव्हिडंडने उचला. करासाठी सल्ला चोख आहे, व्हिसासाठी विष. कंपनी दर महिन्याला पगाराचे आकडे एचएमआरसीला, म्हणजे तिथल्या करखात्याला, कळवते आणि होम ऑफिस ते सीओएसवरच्या पगाराशी ताडून बघू शकतं. हिशेबनिसाला पहिल्याच भेटीत ‘मी स्पॉन्सर्ड कर्मचारी आहे’ एवढं वाक्य सांगा, आणि लेखीही द्या.

आता खर्चाकडे या. ४१,७०० म्हणजे महिना ३,४७५ पौंड. त्याशिवाय कंपनीला ५,००० पौंडांवरच्या रकमेवर १५ टक्के नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे तिथला सरकारी विमा, भरावा लागतो, म्हणजे वर्षाला ५,५०५. एकूण ४७,२०५. छोट्या कंपन्यांना यात १०,५०० पौंडांपर्यंत सवलत मिळते, पण पगारावर फक्त एक डायरेक्टरच असेल तर नाही. तुमच्या हातात कर आणि विमा कापून साधारण ३३,५०० उरतात. थोडक्यात, कंपनीने वर्षाला ४७ हजार खर्चायचे, तेव्हा कुठे तुमच्या खिशात ३३ हजार पडतात, आणि मधला फरक तिथल्या सरकारकडे.

हे ठाऊक असूनही काही जण घरचे पैसे कंपनीत घालतात आणि तेच महिन्या-महिन्याला पगार म्हणून बाहेर काढतात. हा खेळ होम ऑफिसने ओळखला आहे. ९ एप्रिल २०२५ पासून अर्जदाराने स्पॉन्सर कंपनीत गुंतवलेले किंवा कर्जाऊ दिलेले पैसे पगार मोजताना वजा होऊ शकतात. म्हणजे कागदावर ४१,७०० आणि हिशेबात त्याच्या कितीतरी खाली. पगार ग्राहकांच्या पैशातून निघायला हवा. सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम धंद्यातून खात्यात जमलेली नसेल तर आम्ही फाइल उघडतच नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पहिल्या मंद तिमाहीत पगार अडकला की तोही होम ऑफिसला कळवावा लागतो. लायसन्स गेलं तर व्हिसा सहसा ६० दिवसांवर आणला जातो. तेवढ्यात भाड्याचा करारही मोडता येत नाही.

एकाच ग्राहकाकडे बसायला जाणं

आयटीवाल्यांची लाडकी चूक. बेत असा : लंडनच्या एका मोठ्या कंपनीत कंत्राटी काम मिळतंय, ती व्हिसा देत नाही, मग आपणच कंपनी काढू आणि रोजच्या दराने बिल लावू. पण दुसऱ्याच्या कार्यालयात, त्याच्या मॅनेजरच्या हाताखाली, त्याचं रोजचं काम करायला माणूस पुरवणं यासाठी सीओएस देताच येत नाही. चालतं ते ठरावीक मुदतीचं, ठरावीक काम, ज्याच्या निकालाची जबाबदारी तुमच्या कंपनीची असेल. ग्राहकाच्या करारात ‘अमुक दिवस, अमुक दर’ लिहिलं असेल तर तो करार बदलून घ्या. काय बनवून देणार, कधी देणार, बिघडलं तर कोण निस्तरणार, हे त्यात आलं पाहिजे. ग्राहक ऐकत नसेल तर तुम्ही धंदा काढत नाही आहात, नोकरी लपवताय.

बाकीच्या, एका दमात

‘सीईओ’ पद घेऊ नका. त्या कोडचा ठरलेला दर किमान पगाराच्या जवळजवळ दुप्पट आहे. प्रत्यक्ष जे काम करणार त्याचा कोड घ्या. सॉफ्टवेअर डेव्हलपरचा दरही पन्नास हजारांच्या वर आहे, तेव्हा आधी कोड बघा आणि मग बजेट मांडा. कमी दराचा कोड शोधून त्यात स्वतःला कोंबणं ही आणखी वाईट चूक, कारण कामाचं वर्णन आणि कोड जुळतात का हे तपासतात.

कंपनी १८ महिन्यांहून नवी असेल तर ब्रिटनमधल्या रीतसर बँकेत कंपनीच्या नावाचं खातं दाखवावं लागतं. मोबाइल ॲपवरचं ई-मनी खातं म्हणजे बँक नव्हे. परदेशी डायरेक्टरचं खातं उघडायला बँका फार वेळ घेतात, म्हणून कंपनी नोंदवली की पहिलं काम हेच.

टपाल पुढे पाठवणारा पत्ता दाखवून काम होईल ही समजूत सोडा. तपासणीला येणाऱ्याला टेबल, माणूस आणि कर्मचाऱ्यांच्या फायली दिसल्या पाहिजेत.

ऑनलाइन अर्ज सबमिट केल्यावर कागदपत्रं पाठवायला फक्त पाच कामाचे दिवस असतात. सबमिटचं बटण दाबायचं ते सगळे कागद एका फोल्डरमध्ये, नावं देऊन तयार झाल्यावरच. विम्याची पॉलिसी ‘येतेय’ म्हणून बटण दाबणारे दर वेळी भेटतात.

व्हिजिटर व्हिसावर जाऊन मीटिंग करा, करारावर सही करा, जागा बघा. दुकान चालवू नका.

लायसन्सची फी, सीओएसचे ५२५ पौंड आणि इमिग्रेशन स्किल्स चार्ज (परदेशी कर्मचारी घेतल्याबद्दल कंपनीने भरायचा आकार), जो छोट्या कंपनीला १६ डिसेंबर २०२५ पासून वर्षाला ४८० पौंड पडतो, हे सगळं कंपनीच्या खात्यातून गेलं पाहिजे. ‘कंपनी माझीच आहे’ म्हणून स्वतःच्या कार्डाने भरलंत तर खर्च कर्मचाऱ्यावर टाकल्यासारखं होतं आणि त्यावर लायसन्स जाऊ शकतं. व्हिसाची फी आणि वर्षाला १,०३५ पौंडांचा आरोग्य सरचार्ज मात्र तुम्ही भरू शकता.

कल्पना खरोखर नवी असेल तर हा सगळा द्राविडी प्राणायाम न करता इनोव्हेटर फाउंडर व्हिसा बघा. तिथे पगाराची अट नाही, पण मान्यताप्राप्त संस्थेची शिफारस लागते. पुण्याच्या पद्धतीचा वडापाव लंडनमध्ये विकणं याला नवी कल्पना म्हणत नाहीत.

आणि भारतातली बाजू, जी एजंट सांगत नाहीत. तुम्ही अजून भारताचे रहिवासी असताना परदेशी कंपनीचे शेअर घेता, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या हिशेबाने ती परदेशी थेट गुंतवणूक. पैसे बँकेतूनच पाठवायचे, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या एलआरएस मर्यादेत (रहिवाशांनी परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना), आणि सोबत परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म एफसी भरून त्या कंपनीसाठी यूआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, घ्यायचा. आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो रिटर्नमध्ये परत मिळतो, पण तोवर अडकतो, म्हणून पैशांची जुळवाजुळव करताना धरून चाला. ‘फॅमिली मेंटेनन्स’ असा हेतू लिहून शेअरचे पैसे पाठवलेत तर पुढे शेअर विकताना बँक पहिला प्रश्न यूआयएनचाच विचारेल.