आंब्याच्या पट्टीचा हिशोब मॅक्रोत: व्हेरिएबल कुठे, कॉन्स्टंट कुठे

एप्रिल लागला की रत्नागिरी-देवगडकडे रोज पेट्या वाशीच्या बाजारात जातात, मग पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, यायला लागतात आणि रात्री जेवणं झाली की एक्सेल उघडून कुठल्या बागायतदाराला किती द्यायचे ते काढत बसायचं. आम्ही हे मॅक्रोवर, म्हणजे एक्सेलमध्येच लिहायच्या छोट्या प्रोग्रामवर टाकलंय. पण सुरुवातीला पेटीमागचं भाडं 60 रुपये हा आकडा मी कोडमध्ये पाच ठिकाणी तसाच लिहून ठेवला होता, भाडं 70 झालं तेव्हा चार ठिकाणी बदलला, पाचवा राहिला, आणि एकाच्या पट्टीत पैसे चुकले. पैशाची चूक वाडीत लगेच कळते, आणि विश्वास परत मिळवायला वेळ लागतो.

म्हणून आधी हे ठरवा, मॅक्रो चालू असताना जे बदलणार नाही ते कॉन्स्टंट, जे ओळीगणिक बदलतं (पेट्या, दर, एकूण) ते व्हेरिएबल. ऑल्ट आणि एफ11 दाबून एडिटर उघडा, इन्सर्टमधून मॉड्यूल घ्या आणि सगळ्यात वर या ओळी टाका. इथे देवनागरीत लिहितोय, एडिटरमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या:

ऑप्शन एक्स्प्लिसिट
कॉन्स्ट भाडे ॲज करन्सी = 70
कॉन्स्ट हमाली ॲज करन्सी = 5

आणि सबच्या, म्हणजे ज्यात मॅक्रोचा कोड असतो त्या भागाच्या आत (डिम म्हणजे व्हेरिएबल जाहीर करणं):

डिम पेट्या ॲज लाँग
डिम दर ॲज करन्सी
डिम एकूण ॲज करन्सी
एकूण = एकूण + पेट्या * (दर - भाडे - हमाली)

पहिली ओळ कधीच सोडू नका. आपण मराठी शब्द इंग्रजीत लिहितो ना, तिथेच घोळ होतो, हमाली कोणी एका ए ने लिहितो कोणी दोन ए ने. ऑप्शन एक्स्प्लिसिट नसेल तर एक्सेल दुसरं स्पेलिंग म्हणजे नवीन रिकामं व्हेरिएबल समजतं, त्याची किंमत शून्य धरतं, एरर काहीच येत नाही आणि हमाली कापलीच जात नाही. ती ओळ असली की मॅक्रो चालतच नाही, एरर येते आणि एडिटर चुकलेला शब्द निळा करून दाखवतो. एडिटरच्या टूल्स, ऑप्शन्समध्ये रिक्वायर व्हेरिएबल डिक्लरेशनला टिक केलीत की नवीन मॉड्यूलमध्ये ती आपोआप येते.

आता टाइप, म्हणजे व्हेरिएबलमध्ये कुठल्या प्रकारचा आकडा राहणार ते. इंटिजर घेऊ नका, तो 32767 पर्यंतच जातो. पेट्या 600 आणि भाडं 60, दोन्ही इंटिजर असतील तर गुणाकार 36000 होतो आणि ओव्हरफ्लोची 6 नंबरची एरर येते, उत्तर लाँगमध्ये ठेवलं तरी येते, कारण गुणाकार आधी इंटिजरमध्येच होतो. आणि नुसतं कॉन्स्ट भाडे = 60 लिहिलंत तर तोही इंटिजरच धरला जातो, म्हणून टाइप लिहायचाच. मोजायला लाँग, पैशाला करन्सी, त्यात दशांशानंतर चार आकडे नेमके राहतात.

शीटमधल्या ओळीच्या नंबरासाठी ओळ नावाचं व्हेरिएबल घेतलं आणि डिम ओळ, पेट्या ॲज लाँग असं एका दमात लिहिलं की दोन्ही लाँग झाले असं वाटतं, पण फक्त पेट्या लाँग होतं, ओळ व्हेरिएंट, म्हणजे कुठलाही प्रकार घेणारं, राहतं. प्रत्येकापुढे वेगळं लिहा.

कॉन्स्टंटमध्ये सेलमधला आकडा घेता येत नाही, कोडमध्ये मधेच त्याला दुसरी किंमतही देता येत नाही, आणि हे बरंच आहे. पण भाडं भर सीझनमध्ये वाढत असेल तर ते कॉन्स्टंट ठेवूच नका, कारण वरचा आकडा बदलून सगळी शीट परत चालवलीत तर आधीच्या पट्ट्याही नव्या भाड्याने निघतील. भाड्याला शीटमध्ये वेगळा कॉलम द्या, वरची कॉन्स्टची ओळ काढा आणि भाडे हे व्हेरिएबल करून प्रत्येक ओळीतून वाचा.

शेवटचं एक, यात मी स्वतः दोन रात्री अडकलो होतो. लूपच्या, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागाच्या, आत डिम एकूण लिहिलं की दर फेरीला ते शून्य होईल असं वाटतं, तसं होत नाही, सब संपेपर्यंत आधीची बेरीज तशीच राहते आणि पुढच्या बागायतदाराच्या खात्यात मागच्याचे पैसे जमा होतात. नाव बदललं की एकूण = 0 ही ओळ आपल्या हाताने लिहायची. मग एफ8 दाबत एकेक ओळ चालवा, एकूणवर माऊस नेलात की त्या क्षणीचा आकडा दिसतो, तो वहीतल्या एका जुन्या पट्टीशी ताडून बघा आणि फाइल मॅक्रो-एनेबल्ड म्हणून सेव्ह करा, नाहीतर कोड फाइलमध्ये राहत नाही.