दावं हाताला गुंडाळू नका

लस टोचताना किंवा टेम्पोत चढवताना जनावर बुजलं, की हाताला वेढे दिलेलं दावं क्षणात आवळतं. बोट मोडतं, कधी तुटतं, नाहीतर माणूस फरफटत जातो.

१. उरलेलं दावं हाताभोवती न गुंडाळता नागमोडी घड्या घालून मुठीत मधोमध धरा. हिसका बसला की मूठ उघडायची, बस्स. अंगठा फासात अडकवायचा नाही.

२. खुंट्याला निरगाठ नको, सुरगाठ मारा. दावं खुंट्यामागून घ्या, जनावराकडच्या भागावर फास करा आणि मोकळं टोक दुमडून त्यातून ओढा. टोक पूर्ण बाहेर काढू नका. ते खेचलं की गाठ सुटते, जनावर ताणत असलं तरी.

३. गाठ आवळताना बोट फासात किंवा दावं-खुंट्याच्या मध्ये नको. बोटं इथंही सापडतात.

बारीक नायलॉन दोरी स्वस्त पडते, पण हात कापते. जाड सुती दावं बरं.

एक सांभाळा: काही गाई मोकळं टोक चघळून गाठ सोडवतात (हुशारी कमी नसते!). ते तोंडाच्या टप्प्याबाहेर ठेवा, आणि रात्रभर बांधायला ही गाठ वापरू नका.