प्लॅस्टिकची मॉडेल कार कशी बनवायची: आधी बॉडी, आणि पाऊसपाणी बघून

कोल्हापुरात गाडीचा नाद नाही असा माणूस शोधावाच लागेल, दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात आली की सगळे मोबाईल वर होतात ते उगाच नाही. तीच हौस टेबलावर भागवायची तर प्लॅस्टिकचं किट घ्या, शक्यतो १/२४ स्केलचं, म्हणजे चार मीटरची खरी गाडी साधारण सतरा सेंटिमीटरची होते, हातात मावते आणि डॅशबोर्डवरचे काटेही दिसतात. पहिल्यांदाच करणार असाल तर टामिया ह्या जपानी कंपनीचं बघा, पार्ट एकमेकांत नीट बसतात. रंग आणि ग्लू बहुतेक किटमध्ये नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो.

माहितीपत्रक बऱ्याचदा इंजिन नाहीतर चेसिसपासून सुरू होतं, तुम्ही मात्र बॉडीला आधी हात घाला, कारण तिचा रंग वाळायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो आणि लोक गाडीत बघतात ती बॉडीच. भांड्याचा साबण आणि कोमट पाण्यानं ती धुवा, साच्यातून काढताना लागलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. वाळल्यावर छताच्या कडेनं आणि मडगार्डवरनं नख फिरवा, बारीक उंचवटा लागेल, ती साच्याची रेघ. ८०० नंबरच्या वॉटर पेपरनं ती काढायची. बाकीचे पार्ट फ्रेममधनं हातानं पिरगाळून तोडू नका, निपरनं, म्हणजे कापायच्या छोट्या पकडीनं, आधी लांबून कापा आणि मग उरलेला खुंट जवळून.

आता प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर. उद्यमनगरातल्या गॅरेजमधला थिनर इथं चालत नाही, कोऱ्या प्लॅस्टिकवर तो पडला की पृष्ठभाग विरघळून खरबरीत होतो. किटच्या स्टायरिन प्लॅस्टिकसाठीचेच स्प्रे घ्या, टामियात रंगाचे स्प्रे टीएस नावानं येतात, पीएस घेऊ नका, ते रिमोटवर पळणाऱ्या आरसी गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असतात. पिवळा किंवा लाल मारायचा असेल तर खाली पांढरा प्रायमर, करड्यावर हे रंग मळकट दिसतात.

स्प्रे मारायच्या आधी कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, उकळत्या पाण्यात अजिबात नको. १५ ते २० सेंटिमीटर अंतर धरा, बटण गाडीच्या बाहेर दाबायचं, हात सरळ न्यायचा आणि पलीकडे बाहेर जाऊनच सोडायचं. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसला तरी दिसू दे, पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा, मग शेवटचा जरा ओला. ओघळ आला तर बोट लावायचं नाही, पूर्ण वाळू द्या आणि २००० च्या वॉटर पेपरनं पाणी लावून घासा.

खरी मेख आपल्या हवेत आहे. हे स्प्रे लॅकरचे, त्यातलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवा दमट असेल तर त्यावर पाणी धरतं आणि चकचकीत काळ्यावर पांढुरकी साय येते. म्हणून पंचगंगा पात्राबाहेर पडायची वेळ आली की स्प्रे कपाटात. ते दिवस सीट, डॅशबोर्ड, इंजिन, चेसिस ह्यांचे, पाण्यातले अॅक्रिलिक रंग ब्रशनं मारा, मॅट काम असतंय, खपून जातं. बॉडी दिवाळीनंतर. पण तेव्हाच उसाचं गाळप सुरू होतं आणि कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांच्या गच्चीवर काळी काजळी पडते, पांढऱ्या बॉडीवर तिचा एक कण बसला तरी लय जीव जळतो. तेव्हा मोठा खोका आडवा करून त्यात रंगवा आणि लगेच वरनं दुसरा खोका झाका. खिडक्या सताड उघड्या, जवळ गॅस-निरांजन काही नको, आणि कापडी मास्कचा वासाला काही उपयोग होत नाही, कार्ट्रिजवाला पाहिजे.

रंगाला वास येतोय तोवर तो वाळलेला नाही असंच धरा. मग डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची छापील चित्रं. कोमट पाण्यात अर्धा मिनिट, चिमट्यानं उचलून जागेवर सरकवा, कापसानं पाणी टिपा. वरचा क्लिअर, म्हणजे पारदर्शक चकाकीचा हात, सुरुवातीला अगदी हलका, एकदम ओला मारला तर डिकल आक्रसतात. दाराच्या फटीत पातळ एनॅमल रंग सोडतात, पांढऱ्या गाडीला तो करडा ठेवा, काळा मारला की गाडी कार्टूनमधली दिसते.

पातळ ग्लू पार्ट जुळवून धरल्यावर सांध्यावर ब्रश टेकवून सोडायचा, तो आपोआप आत ओढला जातो आणि प्लॅस्टिक वितळवून एकजीव करतो. क्रोमच्या पार्टवर मात्र चिकटवायच्या जागेचं क्रोम खरवडून काढा, नाहीतर धरणार नाही. काचांना फेविक्विक लावाल तर वाफेनं पांढऱ्या होतील, तिथं साधा पांढरा फेविकॉल बेस्ट, वाळला की दिसत नाही.

बॉडी चेसिसवर बसवताना दोन्ही बाजू जरा फाकवाव्या लागतात आणि बोटं नेमकी आरशाच्या जागी येतात, तेव्हा आरसे आणि वायपर तोवर डब्यातच राहू देत, बॉडी बसली की मग लावा.